धुळ्यात दोन सकाळी, हातात ५५-२५० आणि समोर पांझरा: काय काय जमेल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे मी कशाला काय सांगतोय ते कळेल. डिसेंबरच्या शेवटी नणंदेच्या मुलीच्या लग्नाला पुण्याहून धुळ्याला येताय, मुक्काम देवपुरात, दोन सकाळी मोकळ्या, जवळ क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतला चित्र टिपणारा सेन्सर लहान असलेला) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या दोन लेन्स. नदीकाठच्या बागेत पक्षी आणि नदी दोन्हीचे फोटो हवेत. तर मोठी लेन्स भाड्याने आणू का, कुठे कुठे फिरू आणि सेटिंग काय ठेवू, असं विचारलंय तुम्ही.

मी लग्नाचे फोटो काढतो, पोट त्याच्यावर. पक्षी हा सकाळचा नाद, १७-१८ वर्षं झाली, लगीनसराईत रात्री दोनला अल्बमवाल्याला फायली पाठवून झोपायचं आणि साडेसहाला परत नदीवर, घरचे म्हणतात ह्याला नदीनेच दत्तक घेतलंय. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते पुस्तकातलं कमी आणि पँट ओली करून शिकलेलं जास्त आहे.

लेन्स भाड्याने आणू नका. एक तर लग्नघरात ती ठेवणार कुठे, लहान पोरं बॅगेवर उड्या मारतात, आणि दुसरं म्हणजे शहरातल्या नदीवरचे पक्षी माणसाला सरावलेले असतात. धुणं, म्हशी, सकाळी फिरायला येणारे नाना-आप्पा, क्रिकेटची पोरं, हे सगळं ते रोज बघतात, जंगलातला पक्षी ५० मीटरवरून उडतो आणि इथला बगळा १२ मीटरवर बिनधास्त उभा असतो. हिशोबच करून दाखवतो. २५० वर १२ मीटर अंतरावर तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम साधारण एक मीटर रुंद आणि जेमतेम ७० सेंटीमीटर उंच होते. छोटा बगळा ६० सेंटीमीटरचा, म्हणजे फ्रेम जवळजवळ भरली. आपला नेहमीचा पांढऱ्या छातीचा खंड्या २८ सेंटीमीटरचा, तो फ्रेमच्या उंचीच्या ४० टक्के येतो, अजून काय पाहिजे. हां, ३० मीटरवर तोच खंड्या ठिपका होतो हे खरंय. मग ३० चे १२ मीटर कसे करायचे हाच सगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर चालणं नाही, बसणं आहे.

बाहेरगावहून येणारे सगळे इथंच चुकतात. दोनच सकाळी आहेत म्हणून काठ वर-खाली चार किलोमीटर पालथा घालतात, तलावावर जातात, लळिंगच्या किल्ल्याला पण जाऊन येऊ म्हणतात, आणि कार्डावर ८०० फोटो, सगळे उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या शेपटीचे. तुम्ही चालत गेलात की पक्षी उडणार, तुम्ही बसलात की तोच पक्षी २० मिनिटांत परत येणार कारण त्याचं खाणं तिथं आहे. म्हणून पहिल्या दिवशी जागा शोधा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर, त्याच वेळेला, जाऊन नुसतं बसा. दोन सकाळींचं याच्यापेक्षा चांगलं दुसरं काही होत नाही.

जागा कशी ओळखायची? बागेतल्या कारंज्याजवळ आणि सेल्फी पॉइंटजवळ काही नसतं, तिथं कबुतरं आणि प्री-वेडिंगवाले. पाणी कुठे पातळ होतंय ते बघा. नदीचं पाणी दगडावरून किंवा छोट्या बंधाऱ्यावरून चार बोटं खोलीने वाहतं, तिथं मासे उघडे पडतात आणि बगळे ओळीने उभे असतात. ही नदीची जुनी खोड आहे, पांझरेवर वर साक्री बाजूला फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत, गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची ती पद्धत, त्या प्रत्येक बंधाऱ्याच्या खाली सकाळी बगळ्यांची पंगत बसलेली असते. दुसरी जागा म्हणजे नाला जिथं नदीला मिळतो ती. वास येतो, कबूल, रुमाल बांधा. पण तिथल्या चिखलात किडे असतात आणि त्याच्यावर शेकाट्या, धोबी, तुतारी, टिटवी हे सगळे असतात, शेकाट्याच्या लाल काड्यांसारख्या पायांचं प्रतिबिंब त्या काळ्या पाण्यात असलं भारी पडतं की फोटो बघणाऱ्याला वासाचा पत्ता लागत नाही. तिसरी, जलपर्णीची कड. मधोमध नाही, कड. तिथं वंचक असतो, बगळ्याच्याच जातीचा मातकट पक्षी.

एक गोष्ट आल्या आल्या भाच्याला विचारून ठेवा, नदीला आवर्तन सुटलंय का. वरच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर नदी काठोकाठ वाहते, फोटोत सुंदर दिसते पण पाणपक्षी पांगतात, त्यांना उभं राहायला उथळ जागाच उरत नाही. आवर्तन नसेल तर पुलाखाली डबकी राहतात, बघायला ओंगळ आणि पक्ष्यांना मेजवानी. म्हणजे पाणी असेल त्या दिवशी देखावा करा, नसेल तर पक्षी करा.

आता उजेड. डिसेंबरअखेरीस धुळ्यात सूर्य साधारण ७ वाजून ५ मिनिटांनी उगवतो आणि तो सरळ पूर्वेला नाही तर आग्नेयेकडे सरकलेला असतो. पांझरा शहरातून ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तुमचा मुक्काम देवपुरात म्हणजे उत्तर काठावर, तिथूनच फोटो काढायला बसलात तर सूर्य समोर येतो आणि पक्षी काळे. म्हणून पूल ओलांडून जुन्या शहराच्या बाजूला, दक्षिण काठावर या आणि देवपुराकडे तोंड करून बसा, ऊन उजव्या खांद्यामागून येईल, पक्ष्याच्या डोळ्यात चमक येईल. एवढा पूल ओलांडायचा कंटाळा केला म्हणून सकाळ वाया गेलेले लोक मी बघितलेत. साडेसहाला जागेवर, सात ते साडेआठ खरं काम, नऊनंतर हात आखडता घ्या. हिवाळ्यात नऊनंतर वारा सुटतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात, प्रतिबिंब मोडतं. उन्हाळ्यात तर विचारूच नका, आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि वाळूवरून हवा अशी थरथरते की फोकस बरोबर असून फोटो मऊ येतो, लोक लेन्सला शिव्या घालतात, लेन्सचा काही दोष नसतो, हवाच वितळलेली असते. तुम्ही डिसेंबरात येताय ते उत्तम.

सेटिंग विचारलंत. मॅन्युअल मोड, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं) ५.६, शटर (किती सेकंद उघडं) १/१०००, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) ऑटो आणि त्याची कमाल ६४००. बस. पहाटे उजेड कमी असताना बसलेल्या पक्ष्याला शटर १/३२० वर आणा, उडणाऱ्याला १/२००० वर न्या. दाणे येतात म्हणून आयएसओला घाबरू नका, दाणे घालवता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. फोकस कंटिन्युअस ठेवा, कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर चालू करा, पण जलपर्णीत ती गोंधळते, पानालाच डोळा समजते, तेव्हा सरळ मधला एकच पॉइंट घ्या. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल, नंतर सुधारायला सोपी.

आणि पांढरा बगळा. ह्याच्यावर मी स्वतः दोन वर्षं घालवली. कॅमेऱ्याला काळं पाणी दिसतं, तो उजेड वाढवतो आणि बगळा खडूसारखा पांढराफटक होतो, पिसं दिसतच नाहीत, आणि जळलेलं पांढरं रॉमधूनही परत येत नाही. बगळ्याला कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने धरलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे एक, कोवळ्या उन्हात उणे ०.७ पुरतं. पाणकावळ्याला उलटं, अधिक ०.७, नाहीतर नुसता काळा डाग. एकाच दगडावर दोघं शेजारी बसले तर बगळ्याचं ऐका, काळ्यातलं थोडंफार नंतर उजळता येतं.

आता जरा जवळून सांगतो, कारण हे नुसतं सेटिंगने येत नाही. गेल्या थंडीत नाल्याच्या तोंडापासून दहा-बारा पावलांवर एका फुटक्या पायरीवर बसलो होतो. समोर जलपर्णीच्या कडेला वंचक. मातकट रंगाचा, मान आत ओढलेली, बघणाऱ्याला वाटावं कुणी तरी जुनी चप्पल टाकलीये. १० मिनिटं काही नाही. मी पण काही नाही, कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला की हात भरून येतो म्हणून तो मांडीवर, नजर पक्ष्यावर. मग त्याने काय केलं, मान पुढे काढायला सुरुवात केली, पण इतकी सावकाश की घड्याळाच्या काट्यासारखी, हलताना दिसत नाही पण मघापेक्षा लांब झालेली असते. अंग पुढे कललं. ती खूण. तेव्हा कॅमेरा उचलायचा, तेव्हाच १/२००० करायचं, आणि फ्रेममध्ये चोचीच्या पुढे रिकामी जागा ठेवायची कारण सगळं तिकडे घडणार. मी उचलला, फोकस डोळ्यावर, बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) लावला, आणि मागून एक आवाज, "काय काढी राह्यना भो?" म्हशी घेऊन आलेला बाबा. मी मान न वळवता बोटाने दाखवलं. बाबा माझ्या शेजारी खाली बसला, चक्क बसला, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. वंचकाने झेप मारली तेव्हा १४ फ्रेम आल्या, त्यातली एक, बोटभर मासा चोचीत आडवा, पाण्याचे थेंब हवेत. उडाला तेव्हा तो मातकट पक्षी एकदम पांढराशुभ्र झाला, पंख सगळे पांढरे असतात त्याचे, बाबा म्हणाला, "हाऊ तं बगळा व्हता!" माझ्या मते तो दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो बाबाच्या तोंडाचा आला असता, पण २५० मिमी लावून शेजारच्या माणसाचा फोटो येत नाही.

तुमच्यासारख्या पहिल्यांदा येणाऱ्याला उडतानाचा फोटो हवा असेल तर कवड्या खंड्या शोधा, काळा-पांढरा ठिपक्यांचा. बाकीचे खंड्या काठावर बसून सूर मारतात, हा पाण्यावर एका जागी हवेत उभा राहतो, पंख फडफडतात पण डोकं एकाच जागी रोवलेलं, चोच खाली. काही सेकंद तसाच. एवढा वेळ कुठला पक्षी देतो? पहिल्यांदा नुसतं बघा कुठल्या डबक्यावर थांबतो, तो पुन्हा पुन्हा तिथंच येतो. मग तिथं लेन्स धरून ठेवा. १/२००० च्या खाली पंख पुसट होतात, मला वैयक्तिक थोडे पुसट पंख आवडतात पण लग्नाच्या अल्बमची सवय असलेल्या नातेवाईकांना ते हललेलं वाटतं. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच आणि तोही मधे तुटलेला, एवढं लक्षात ठेवलंत की भाच्यासमोर भाव खाता येईल.

टिटवीची एक गंमत सांगायची राहिली. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात आपल्याकडे, फोटोवाल्यांसाठी तर तो खराच आहे. ती काठावर मोकळ्या जागेत असते, तुम्ही उतरताना तिच्या अंगावर गेलात की ती टिटीव-टिटीव करत उठते आणि २०० मीटरपर्यंतचा प्रत्येक पक्षी मान वर करतो. नवीन माणूस म्हणतो आज पक्षीच नाहीत. अहो होते, टिटवीने सांगितलं तुम्ही आलात म्हणून. उतरायच्या आधी वरूनच टिटवी कुठे उभी आहे ते बघा आणि तिला लांबून वळसा घाला, सरळ तिच्याकडे बघत चालू नका, तिरपं जा, थांबत जा.

खाली बसा म्हणतोय ते शब्दशः. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल, प्लास्टिक आणि गुटख्याची पाकिटं येतात. लेन्स पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर आणली की मागचा काठ लांब जातो, सगळा कचरा एका हिरव्या-करड्या धुरकट पट्ट्यात विरघळतो. शहरातल्या नदीवर ही एक युक्ती निम्मं काम करते. पण घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं. मी एकदा कॅमेरा वाचवायला गेलो आणि गुडघा फोडून घेतला, वर ओल्या पँटने त्याच संध्याकाळी लग्नाचं काम, नवऱ्या मुलाचे वडील विचारतात काय झालं, म्हटलं बगळा. जुने स्पोर्ट शूज आणा, चप्पल नको, आणि शेवटची ओली पायरी सोडून तिच्या वरच्या कोरड्या पायरीवरच बसा.

ट्रायपॉड आणू नका. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, एका बाजूला चेन लावा. रिकामी पिशवी बॅगेत काहीच जागा घेत नाही, इथं आल्यावर लग्नघराच्या कोठीतून दीड-दोन किलो ज्वारी मागून त्यात भरा, पायरीवर किंवा कठड्यावर ठेवली की लेन्स तिच्यात बसते, १/१२५ लाही फोटो हलत नाही. बाजारात मिळणारी बीनबॅग हीच, फक्त महाग.

देखाव्याचं थोडं सांगतो. १८-५५ काढा, सूर्य उगवायच्या आधी २० मिनिटं पुलावर उभ्या राहा, पूर्वेकडे तोंड, फुटपाथवरून. तेव्हा पाणी आकाशाचा रंग घेतं आणि काठावरची शेकोटी किंवा चुलीचा धूर पाण्यावर आडवा पसरतो, थंडीत तो वर जात नाही. एफ ८, आयएसओ ४००, कॅमेरा कठड्यावर टेकवा, पण ट्रक गेला की पूल थरथरतो, तो जाईपर्यंत थांबा, माझे सुरुवातीचे कितीतरी फोटो ट्रकने खाल्लेत. पट्टा गळ्यात पाहिजेच. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर देखाव्याला लावा, पक्ष्यांच्या वेळी काढून ठेवा, उगाच एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा जास्तच, उजेड खातो.

पण मला विचाराल तर तुमच्याकडच्या सामानात खरा दम पक्षी आणि गाव एकाच फ्रेममध्ये आणण्यात आहे. खंड्या मोठा काढलेला फोटो धुळ्याचा आहे का कोल्हापूरचा कुणाला कळतं? तोच खंड्या लहान, पण बसलाय बंधाऱ्यातून वर आलेल्या गंजक्या सळईवर, मागे पुलाच्या कमानी, वर फुटपाथवरून सायकलला दुधाचे कॅन लावून चाललेला माणूस, तो फोटो इथलाच. ह्याला ५५ ते १०० मिमी पुरतं आणि एफ ८ ते ११, म्हणजे मागचं ओळखू येईल इतपत राहतं. मोठी लेन्सवाल्यांना हा फोटो काढताच येत नाही, त्यांच्या फ्रेममध्ये पूल मावत नाही. कचऱ्याचं म्हणाल तर मी काँप्युटरवर पुसत नाही, दोन पावलं सरकून टाळता आला तर टाळतो, नाहीतर राहू देतो. नदी अशी आहे तर अशी आहे.

संध्याकाळी संगीताची गडबड असेल, तरी ५.४० ते ६.१० एवढा अर्धा तास गच्चीवर जाता आलं तर बघा. गाय बगळे नदीच्या पात्रावरून रांगा धरून रात्रीच्या झाडाकडे परत जातात, पोपटांचे थवे वेगळे. सूर्य सहाला मावळतो. आकाशावर एक्स्पोजर धरा, पक्षी काळे राहू देत, १/१०००. गच्चीवरून पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना मधे येतात, येऊ द्या.

कोणकोणते पक्षी मिळतील त्याची यादी मागितलीत. वर आलेत त्यांच्याशिवाय हळदी-कुंकू बदक पात्रात असतं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळं म्हणून ते नाव, बागेत दयाळ, कोतवाल, वेडा राघू, शिंजीर. तारवाली भिंगरी पुलाच्या खाली, शेपटीला दोन बारीक तारा, पण ती बसते तेव्हाच काढा, उडताना माझ्याकडूनही दहातली एक येते. चक्रवाक आणि बाकी पाहुणे बदकं हवी असतील तर शहराबाहेरचा नकाणे तलाव, पण तिथं अंतर लांब आणि तुमची लेन्स तोकडी पडेल, नुसतं दुर्बिणीने बघायला जा. लग्नानंतर भुसावळकडे जाणार असाल तर हतनूरच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात गर्दी असते पक्ष्यांची, फक्त धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा रोखू नका, मनाई असते.

आणि रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, नाही दिसणार. खान्देश म्हटलं की प्रत्येक जण तेच विचारतो म्हणून आधीच सांगतो. १८८४ नंतर ११३ वर्षं तो कुणालाच सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात परत दिसला. आमच्या भागाचा मान आहे तो, पण सातपुड्याच्या सागाच्या जंगलातला पक्षी आहे, नदीकाठच्या बागेतला नाही. बागेत जुन्या झाडाच्या ढोलीत दिसेल तो साधा पिंगळा, कपाळभर पांढरे ठिपके असलेला. तो पण गोड आहे, त्याचा काढा. मोबाईलवर आवाज वाजवून मात्र कुणालाच बोलावू नका, घरट्याजवळ जाऊ नका, भाचा उत्साहाने फांद्या बाजूला करायला लागला तर हात धरा.

माणसांचं. घाटावर बायका धुणं धुतात, रंग सुंदर असतात, हात शिवशिवतात. आधी विचारा. मी सुरुवातीला लांबून गुपचूप काढायचो, एकदा एका आजीने बघितलं आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाली, "घर जाईसन तुनी मायना काढ!" घरी जाऊन तुझ्या आईचे काढ म्हणे. आजही आठवलं की कान गरम होतात, आणि बाई बरोबर बोलली. तुम्ही बाई आहात, तुम्हाला सोपं जाईल, काकू एक फोटो काढू का म्हणायचं, काढला की स्क्रीनवर दाखवायचा, नको म्हणाल्या तर नको. ड्रोनचा विषय काढू नका, परवानगीची भानगड असते आणि पक्षी तर पार पळून जातात. अंधारात एकट्या खाली पात्रात उतरू नका, भाच्याला उठवा, तो कुरकुरेल, त्याला सांगा येताना मिसळ.

बागेचा वॉचमन मोठी लेन्स बघून अडवतो कधी कधी, व्यावसायिक शूटिंग समजतो. वाद घालू नका, कॅमेऱ्यातला बगळा दाखवा, बहुतेक वेळा तोच मग सांगतो की तिकडे नाल्याकडे जा, तिकडे जास्त असतात. वॉचमन आणि म्हशीवाले, ह्या दोघांइतकी नदीची माहिती कुणाला नसते.

प्रवासाचं उरलं. चाळीसगावहून गाडीने येणार असा की नाशिकवरून बसने, कॅमेरा कॅमेऱ्याच्या बॅगेत आणू नका, साड्यांच्या पिशवीत दोन टॉवेलमध्ये गुंडाळून आणा. एसी डब्यातून उतरल्या उतरल्या लगेच लेन्स बदलू नका, बाहेरची हवा दमट असेल तर काच धुरकटते, बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. काठावर पण लेन्स बदलायची तर पाठ वाऱ्याकडे करून, आमची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि सेन्सरवर बसली की आकाशात ठिपकेच ठिपके. बॅटऱ्या दोन. रोज रात्री त्या दिवसाचे निवडक फोटो मोबाईलवर उतरवून घ्या, कारण लग्नघरात कुणी तरी, वहिनी जरा मेहंदीचे दोन फोटो काढता का म्हणत कॅमेरा हातातून घेतंच, आणि कार्ड भरलंय दिसलं की पुसून टाकायला मागेपुढे बघत नाही. माझ्या चुलतभावाने माझे १२० शेकाटे असेच पुसलेत, वर म्हणतो सगळे एकसारखेच तर होते.

ज्वारी परत कोठीत ओतायची असेल तर आधी चाळून घ्या, पायरीवरची वाळू शिवणीतून आत जाते आणि भाकरीत लागते. नाहीतर ती सरळ म्हशीवाल्या बाबाला द्या.